निद्रानाशाची जबानी

भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याच्या सीमेवर वसलेल्या आणि नदीपलीकडील दौंड तालुक्याशी पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक राखून असलेल्या मांडवगण फराटा या गावातील दोन रुग्णांबरोबर पुण्याच्या एका अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सालयात बसण्याचा योग आला, तेव्हा निद्रानाश या एकाच नावाखाली किती भिन्न दुःखे नोंदली जातात, याचे मला प्रत्यक्ष दर्शन घडले.

सुईला हात लावण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी दीर्घकाळ विचारपूस केली: झोप लागतच नाही की लागून पहाटे मोडते, छातीत धडधडते का, तळपाय तापतात का, घोरताना श्वास अडकतो का, अन्नावर वासना आहे का. मग जिभेचा रंग व तिच्यावरील थर पाहून त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवली. आपले वैद्य तीन बोटांनी वात, पित्त, कफ शोधतात. चिनी परंपरेत डाव्या मनगटावर हृदय, यकृत व मूत्रपिंड यांची कैफियत वाचली जाते.

पहिली रुग्ण, दीर्घ आजारातून उठलेली एक गृहिणी, फिकट जिभेची, क्षीण नाडीची व सदैव चिंताक्रांत. तिच्या ठायी हृदय व प्लीहा यांचे दौर्बल्य आहे, असे निदान झाले. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूस असलेला शेनमेन, आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवरचा सानयिनज्याव आणि गुडघ्याखालचा झूसानली हे बिंदू तिच्यासाठी निवडले गेले. दुसरे गृहस्थ ऊसकरी. जिभेच्या कडा लाल, नाडी तारेसारखी ताणलेली, स्वभाव अलीकडे तापट झालेला. त्यांनाही शेनमेन मिळाला. परंतु झूसानलीऐवजी पायाच्या अंगठ्याच्या व शेजारील बोटाच्या मधला, यकृताचा क्षोभ शमवणारा मानलेला ताइचुंग बिंदू आला. सुया पाव मिलीमीटर जाडीच्या, निर्जंतुक, एकदाच वापरून टाकून देण्याच्या. सुई किंचित फिरवून बाई विचारत, “जड वाटतंय का?” आणि होकार येताच हात काढून घेत. अर्ध्या तासाच्या आत गृहिणीला गाढ झोप लागली.

या विद्येशी महाराष्ट्राचा ऋणानुबंध आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 साली तिथेच निवर्तले, त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी पुढे ही चिकित्सा कलकत्त्यात आणली; महाराष्ट्राने 2015 च्या अधिनियमाने तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. शास्त्रीय प्रमाणांचा प्रश्न मात्र अनिर्णित आहे. 33 चाचण्या व 2293 रुग्ण यांचा परामर्श घेणाऱ्या 2012 च्या कॉक्रेन समीक्षेने, उपलब्ध पुरावा कमी प्रतीचा असल्याने अनुकूल वा प्रतिकूल निर्णय देता येत नाही, असा अभिप्राय नोंदवला. माझ्या मते या पद्धतीची खरी मातबरी सुईआधीच्या त्या जबानीत आहे.

कारण ऊसकऱ्याच्या व्याधीचे मूळ तिथेच उघड झाले. “बाबा, रात्री पाण्याची पाळी असते का?” या प्रश्नावर ते म्हणाले, “एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. बिबट्याच्या धाकानं बॅटरी हातात धरूनच दारं धरावं लागतं.” बाईंनी सुया दिल्या, परंतु जागरणाच्या आठवड्यात दुपारी खोली अंधारी करून झोपण्याची व चार वाजल्यानंतर चहा वर्ज्य करण्याची सक्त ताकीदही दिली. एवढ्यावर भागणारे हे दुखणे नव्हे, हे त्या स्वतःही जाणून होत्या.

कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना अस्तित्वात आहे. भीमाकाठच्या प्रत्येक डीपीपर्यंत तिचा लाभ सत्वर पोहोचवावा, अशी सरकारदरबारी माझी आग्रहाची विनंती आहे.