गेमिंग कॉम्प्युटर : हट्ट, हिशेब आणि विवेक

कळव्याच्या वस्त्यांतून, विटाव्यापासून खारेगावपर्यंत, दहावी-बारावीच्या मुलांचा एक नवा हट्ट कानी पडू लागला आहे. "बाबा, मला गेमिंग कॉम्प्युटर पाहिजे!" बापाचा पगार तुटपुंजा, आईची चार घरची कामे, त्यात ही मागणी. काही घरांत तिला "पैसे काय झाडाला लागतात का?" एवढेच उत्तर मिळते. काही घरांत लेकराचे मन मोडवत नाही म्हणून हप्त्यावर महागडे यंत्र आणले जाते आणि पुढे घरखर्चाला कात्री लागते. हे दोन्ही मार्ग टाळून तिसरा, मध्यम मार्ग आहे, आणि तो आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांना परवडणारा आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी राजगृहाच्या सिगाल या गृहस्थपुत्राला कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी. त्याच सुत्तात जुगार हे संपत्तीनाशाचे एक दार म्हटले आहे. कॉम्प्युटरच्या खरेदीलाही हीच कसोटी लावू या. नुसत्या खेळण्यासाठी घेतलेले यंत्र ही चैन आहे. मात्र ज्या यंत्रावर मुलगा तासभर खेळेल, बहीण टॅली शिकेल आणि दोघेही व्हिडिओ एडिटिंग किंवा ब्लेंडरसारख्या मोफत प्रणालीवर त्रिमिती चित्रे करतील, ते भांडवल ठरते. ही सर्व कामे एकाच यंत्रावर होतात, हे पालकांनी समजून घ्यावे.

सुभेदार रामजींनी भीमाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवले, हे आपण जाणतोच. पण तो दाखला देऊन गेमसाठी कर्ज काढणे योग्य नव्हे. ते पुस्तक होते, हा खेळ आहे. म्हणून चौथ्या भागाला, म्हणजे आजारपणाच्या आणि फीच्या पैशाला, हात लावायचा नाही. आधी रक्कम ठरवायची, ती साठवायची, मगच बाजाराची वाट धरायची.

तयार यंत्रापेक्षा सुटे भाग घेऊन जोडलेले, म्हणजे असेंबल केलेले यंत्र निवडावे. त्यात प्रत्येक रुपया कुठे गेला ते कळते आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. शंभर रुपयांचा हिशेब साधारण असा मांडावा : प्रोसेसर २४, मदरबोर्ड १४, रॅम १८, एसएसडी १०, एसएमपीएस ८, कॅबिनेट ५, मॉनिटर १६ आणि कीबोर्ड-माऊस ५. भाव रोज हलतात, म्हणून आकडे थोडे मागेपुढे होतील. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव जगभर कडाडले. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबून घराबाहेर पडू नये.

या हिशेबात ग्राफिक्स कार्ड नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेल. नव्या यंत्रात सर्वांत जास्त पैसे तेच खाते. ज्याचे बजेट अपुरे आहे त्याने चित्रशक्ती पोटातच असलेला प्रोसेसर घ्यावा. २०२१ साली आलेला एएमडीचा रायझन ५ ५६००-जी हा अशांपैकी एक. सहा कोअरचा हा प्रोसेसर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे मोफत खेळ कमी सेटिंगवर नीट चालवतो. अगदी नवे, अवजड खेळ मात्र त्यावर चालणार नाहीत, हे मुलाला आधीच सांगावे. इंटेलचा घेत असाल तर नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर आहे का, ते पाहावे. 'एफ' असेल तर त्यात चित्रशक्ती नसते. कार्ड न लावता तो जोडला तर पडदा काळाच राहतो.

अशा प्रोसेसरची चित्रशक्ती रॅममधूनच स्मृती उसनी घेते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती वाहते आणि खेळ अडखळत नाही. कोणती रॅम लागेल, डीडीआर-४ की डीडीआर-५, हे मदरबोर्डवर ठरते. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही.

रंगीबेरंगी दिव्यांच्या कॅबिनेटवर पोरे भाळतात. त्या दिव्यांनी वेग वाढत नाही. कात्री तिथे लावावी, एसएमपीएसवर मात्र कधीही लावू नये. सगळ्या यंत्राला वीज पुरवणारा तो डबा आहे. अनोळखी नावाच्या डब्यावर ४५० वॅट छापलेले असले तरी तेवढी वीज मिळेलच असे नाही, आणि तो जळताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. नामांकित कंपनीचा, '८० प्लस' प्रमाणपत्राचा, ५५० वॅटच्या आसपासचा घ्यावा, म्हणजे पुढे कार्ड बसवता येईल. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते-येते. तेव्हा यूपीएससाठी वेगळे पैसे ठेवावेत आणि घरातील प्लगला अर्थिंग आहे की नाही, ते वायरमनकडून तपासून घ्यावे.

याहूनही हात आखडता असेल तर कार्यालयांतून निघालेला जुना कॉम्प्युटर घेऊन त्यात कमी वीज खाणारे कार्ड बसवता येते. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल्स वेगळ्या वायरशिवाय मदरबोर्डवरूनच वीज घेतात. मात्र कॅबिनेट अरुंद असेल तर कार्ड मावणार नाही, म्हणून आधी माप घ्यावे. जुने कार्ड चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरील 'खाणकाम' बंद झाले, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आपल्याला दूर नाही. कळव्याहून धीम्या लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरले की थोडे चालायचे. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी रजा टाकावी. मुलगा आणि मुलगी दोघांनाही बरोबर न्यावे. तीन-चार दुकानांतून भाव लिहून घ्यावेत. दुकानदार "हेच घ्या, तेच भारी" म्हणेल, मोबाईलवरचा व्हिडिओवालाही तेच म्हणेल. कालामांना बुद्धांनी काय सांगितले? कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. कच्च्या बिलावर थोडे स्वस्त मिळते, पण वॉरंटीच्या वेळी तो कागद कामाला येत नाही. जीएसटीचे पक्के बिलच घ्यावे. त्यावर प्रत्येक भागाचा नंबर लिहून घ्यावा.

घरी आणल्यावरही काही नियम हवेत. चोरीच्या सीडीवरचे विंडोज किंवा खेळ भरू नयेत. आपण पंचशील घेतो, त्यात न दिलेली वस्तू न घेण्याचे शील आहे. लिनक्स मोफत मिळते, अभ्यासाची बहुतेक कामे त्यावर होतात. व्हॅलोरंटसारखे काही खेळ मात्र त्यावर चालत नाहीत, तेवढ्यासाठी विंडोजचा खर्च आधीच धरावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. साध्या मोफत खेळातही पोशाख आणि शस्त्रांचे रंग विकले जातात, म्हणून वडिलांचे बँक खाते त्याला जोडू नये. कॉम्प्युटर सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावा आणि वेळ वाटून घ्यावा. मुलीची पाळी मुलाइतकीच असावी. "तिला काय करायचंय कॉम्प्युटर?" हे वाक्य भीमाच्या लेकरांच्या घरात शोभत नाही.

पालकहो, मुलाला नुसते 'नाही' म्हणू नका आणि डोळे झाकून 'हो'ही म्हणू नका. त्याच्या हाती वही-पेन्सिल द्या, भावांची यादी त्यालाच करू द्या, प्रत्येक भाग का हवा ते त्यालाच समजावून सांगू द्या. जो मुलगा शंभर रुपयांचा असा हिशेब मांडायला शिकला, त्याच्या हाती उद्या घराचाही हिशेब निर्धास्तपणे सोपवता येईल.

जयभीम!