वुडी पुसला जातो तेव्हा...

'टॉय स्टोरी २' मधला काऊबॉय वुडी तुम्ही पाहिला असेलच. पण १९९८ साली, सिनेमा तयार होत असताना, हा वुडी चक्क नाहीसा व्हायला लागला होता, बरं का!

कॅलिफोर्नियातल्या पिक्सार कंपनीत ओरेन जेकब वुडीच्या फायली बघत होते. पुन्हा यादी मागितली, तर फायली कमी. पुन्हा मागितली, आणखी कमी! कुणीतरी युनिक्स संगणकाला 'आरएम' ही आज्ञा दिली होती. आरएम म्हणजे रिमूव्ह, काढून टाक. तिला 'आर' जोडला की फोल्डरच्या पोटातलं फोल्डर, त्याच्या पोटातलं आणखी एक, असं पार तळापर्यंत पुसलं जातं. 'एफ' जोडला की संगणक "नक्की ना?" असं विचारतसुद्धा नाही. आणि शेवटी चांदणीचं चिन्ह, म्हणजे इथलं सगळं!

जेकब यांनी फोनवरून सांगितलं, "मशीनची वायर उपटा!" पण तोवर बराचसा सिनेमा गेला होता.

बॅकअप होता की! पण तो नीट होतोय का, हे कुणी तपासलंच नव्हतं. शेवटी गॅलिन ससमन यांना आठवलं. बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत, म्हणून सिनेमाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. मग तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीत पट्ट्यांनी बांधून, बाळासारखा जपत ऑफिसात आणला. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिनेमा झळकला.

आता सांगा, पुसलेली फाइल जाते कुठे? आईबाबांनी पूर्वी डॉस वापरलं असेल तर त्यांना विचारा. तिथे 'डेल' म्हटलं की यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं बदलायचं आणि जागा मोकळी आहे अशी नोंद व्हायची. मजकूर डिस्कवर तसाच! दारावरची पाटी काढली, घर जागच्या जागी. म्हणून 'अनडिलीट' प्रोग्रॅम फाइल शोधून द्यायचा आणि विचारायचा, पहिलं अक्षर कोणतं? मात्र त्या जागेवर दुसरी फाइल लिहिली गेली, की संपलंच.

आज विंडोजमध्ये माउसने पुसलेली फाइल बहुधा रिसायकल बिनमध्ये सापडते. काळ्या खिडकीत 'डेल' टाइप करून पुसलेली तिथे जात नाही. म्हणून चांदणी वापरण्याआधी तीच चांदणी 'डिर'पुढे (युनिक्सवर 'एलएस'पुढे) टाइप करून बघा. कोणकोणत्या फायली जाणार, ते आधीच दिसेल.