रानातला सैतान आणि न्यायाधीशाची तलवार



आजचा विषय कळवल्यावर आयोजकांचा मला दोनदा फोन आला. 'सर, भुताखेतांचा सिनेमा म्हणालात ना? की आम्हीच चुकीचं ऐकलं?' त्यांनी बरोबर ऐकलं होतं. चाळीस वर्षं वर्गात ह्यूम आणि शंकराचार्य शिकवले, आता पंच्याहत्तरीला आल्यावर थोडी मोकळीक घ्यायला हरकत नसावी.

झालं असं, की माझी नात अकरावीत आहे आणि तिला भीतिपटांचं वेड आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि एक जुना ब्रिटिश सिनेमा दाखवला. 'द ब्लड ऑन सेटन्स क्लॉ', म्हणजे सैतानाच्या पंजावरचं रक्त. साल १९७१. सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, "आजोबा, शेवटी त्या जजने केलं ते बरोबर होतं का?" मी म्हटलं, उद्या सांगतो. तो 'उद्या' आज उजाडतो आहे असं समजा.

आधी गोष्ट सांगतो, कारण बहुतेकांनी हा सिनेमा पाहिलेला नसणार. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड, एक लहानसं खेडं. राल्फ नावाचा तरुण शेत नांगरतो आहे. नांगराच्या फाळाला काहीतरी लागतं. बघतो तर एक विद्रूप कवटी, तिच्यावर केस आणि एक शाबूत डोळा. तो धावत जाऊन गावात आलेल्या न्यायाधीशाला सांगतो. न्यायाधीश शहरातला, शिकलेला, असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारा. दोघे शेतात येतात तेव्हा कवटी गायब. न्यायाधीश वैतागतो. इथवर तो तुमच्या-माझ्यासारखाच आहे.

मग गावातली मुलं बदलू लागतात. पाद्र्याच्या शाळेला दांडी मारून रानात जाऊ लागतात. तिथे एक पडकं चर्च आहे. एंजल नावाची मुलगी त्यांची म्होरकी बनते. डोक्यावर रानफुलांचे मुकुट, हातात फांद्या, तोंडी मंत्र. कुणाच्या पाठीवर, कुणाच्या पायावर काळ्या केसाळ कातडीचा ठिगळासारखा चट्टा उगवतो. हे एकेक ठिगळ म्हणजे सैतानाच्या शरीराचा तुकडा. मुलांच्या अंगावर तो स्वतःला पिकवतो आहे, असं म्हणा. आधी एका मुलाचा बळी जातो. मग त्याच्या बहिणीला फसवून त्या चर्चमध्ये नेतात आणि अत्याचार करून मारतात. तो प्रसंग बघवत नाही. दिग्दर्शक पिअर्स हॅगर्ड यांनीही पुढे कबूल केलं होतं की तिथे आपण जरा जास्तच पुढे गेलो.

सिनेमा अगदी कमी पैशांत बनलेला. कंपनी टायगॉन, स्वस्तातले भीतिपट काढणारी. मोठे सेट परवडणारे नव्हते, म्हणून खरी शेतं, खरं रान आणि ऑक्सफर्डशायरमधल्या बिक्स बॉटम इथलं खरंच पडकं असलेलं चर्च. गरिबीचा असा फायदा झाला. कॅमेरा बराच वेळ जमिनीलगत राहतो, आणि त्या ओल्या मातीतूनच काहीतरी वर येतंय असं वाटत राहतं. पुढे 'फोक हॉरर' नावाचा एक प्रकारच मानला जाऊ लागला. 'विचफाइंडर जनरल' (१९६८), हा सिनेमा आणि 'द विकर मॅन' (१९७३) ही त्याची त्रयी. २०१० मध्ये बीबीसीच्या एका मालिकेत मार्क गॅटिस यांनी हे तीन सिनेमे एकत्र मांडले, तेव्हापासून हे नाव रुळलं.

पटकथाकार रॉबर्ट विन-सिमन्स तेव्हा विशीतला होता. त्याच्या डोक्यात दोन ताज्या बातम्या होत्या. एक अमेरिकेतली, १९६९ ची, चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने केलेले खून. दुसरी इंग्लंडमधली, १९६८ ची. एका अकरा वर्षांच्या मुलीने दोन लहान मुलांचे जीव घेतले होते. त्या काळातल्या मोठ्या माणसांना आपल्याच मुलांची भीती वाटू लागली होती. लांब केस, फुलं, रानात जमणं, आईबापांचं न ऐकणं. ती विसाव्या शतकातली भीती त्याने अठराव्या शतकाचे कपडे घालून उभी केली.

पण रानच का? आणि तिथे 'जुना धर्म' का?

'पेगन' हा शब्द बघा. मूळ लॅटिन शब्द 'पेगस', म्हणजे गावाकडचा मुलूख. त्यावरून 'पेगानस', गावाकडचा माणूस. पुढे जो ख्रिस्ती नाही तो पेगन, असा अर्थ झाला. शहराच्या नजरेतून पाहिलेला खेडूत आणि चर्चच्या नजरेतून पाहिलेला परका, असे दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. कुणीही स्वतःहून स्वतःला ठेवलेलं हे नाव नव्हे. निदान बरीच शतकं तरी नव्हतं.

आता १८९० साली या. जेम्स फ्रेझर नावाचे विद्वान केंब्रिजमध्ये ग्रंथालयात बसून 'द गोल्डन बाऊ' लिहितात. सुरुवातच इटलीतल्या नेमी इथल्या एका पवित्र राईपासून. तिथला पुजारी आधीच्या पुजाऱ्याला मारूनच पुजारी होतो. युरोपातल्या साध्यासुध्या ग्रामीण सणांमागे फ्रेझरना असेच बळी दिसू लागले. त्यानंतर मार्गारेट मरी. या बाई मूळच्या इजिप्तच्या अभ्यासक, आणि जन्म १८६३ चा, आपल्या कलकत्त्याचा! १९२१ साली त्यांनी पुस्तक लिहून दावा केला की युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं, त्या खरोखरच एका प्राचीन, गुप्त धर्माच्या अनुयायी होत्या. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामध्ये चेटूकविद्येवरची नोंद या बाईंनी लिहिली आणि ती १९२९ पासून पुढे कित्येक वर्षं तशीच छापली जात होती. मग काय, ज्ञानकोशात आहे म्हणजे खरंच असणार! भीतिपट लिहिणाऱ्यांना आयती खाण मिळाली.

इतिहासकारांनी पुढे हा दावा मोडीत काढला. कारण सोपं आहे. बाईंचा पुरावा काय, तर आरोपींचे कबुलीजबाब. आणि ते कसे मिळालेले? छळ करून, झोपू न देऊन, मृत्यूची भीती घालून. प्रश्न विचारणाऱ्याने जे उत्तर आधीच ठरवलं होतं, तेच आरोपीच्या तोंडून बाहेर आलं.

इथे आपली जुनी प्रमाणचर्चा उपयोगी पडते. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. चेटकिणींच्या खटल्यांत प्रत्यक्ष काहीच नव्हतं. होता तो फक्त शब्द, आणि तोही पिळून काढलेला. अंगावर 'सैतानाची खूण' शोधत. तीळ, मस, चामखीळ, जे सापडेल ते. म्हणजे रज्जुसर्प न्याय. अंधारात दोरी पडली आहे आणि आपण 'साप, साप' म्हणून काठी मारतो आहोत. फरक एवढाच की इथे दोरीच्या जागी जिवंत बाई होती.

आता सिनेमा काय करतो पाहा. तो दोरीचा खरोखर साप करून दाखवतो. ती खूण सगळ्यांना दिसते. मार्गारेट नावाच्या मुलीला चेटकीण समजून गावातले दोघे पाण्यात टाकतात. राल्फ तिला वाचवतो. आपल्याला हायसं वाटतं, बिचारी वाचली म्हणून. आणि पुढच्याच क्षणी तिच्या पायावर तो केसाळ चट्टा दिसतो. म्हणजे तिला पाण्यात टाकणारे बरोबर होते! संशय घेणारा अडाणी जमाव खरा आणि दया दाखवणारा राल्फ भोळा, असा निकाल पटकथा देऊन टाकते. पडद्यावर जे दिसतं ते प्रेक्षकाला प्रत्यक्ष प्रमाण. तिथे उलटतपासणी नाही.

आणि न्यायाधीश? तो डॉक्टरकडचा चेटूकविद्येवरचा ग्रंथ घेऊन लंडनला जातो. जाताना सांगून जातो की हे वाढू द्या, पूर्ण वाढू द्या, तरच मुळासकट उपटता येईल. मधल्या काळात माणसं मेली तरी धीर धरा. शेवटी तो मशालींसह माणसं आणि एक भली मोठी तलवार घेऊन परत येतो. त्या मुलांचा आणि सैतानाचा निकाल लावतो. नातीचा प्रश्न इथला होता.

तिला उत्तर देण्याआधी मी इतिहासातला एक खरा न्यायाधीश शोधला. साल १७१२, म्हणजे साधारण सिनेमातलाच काळ. हर्टफर्डशायरमधल्या वॉकर्न गावची जेन वेनम ही म्हातारी चेटूक केल्याच्या आरोपाखाली कोर्टात उभी होती. आरोप करणाऱ्यांत पाद्रीही होते. न्यायाधीश सर जॉन पॉवेल. कुणीतरी साक्ष दिली की ही बाई उडते. तेव्हा पॉवेल म्हणाले म्हणे, उडण्याविरुद्ध काही कायदा नाही. ही आख्यायिका असेलही. पण पुढचं नोंदलेलं आहे. ज्यूरीने तिला दोषी ठरवलं, कायद्याने फाशी सुनवावी लागली, आणि मग याच न्यायाधीशाने ती शिक्षा थांबवली. राणी ॲनकडून माफी मिळाली. जेनला गावात परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून तिला दुसरीकडे आसरा दिला गेला. तिथे ती १७३० पर्यंत जगली. इंग्लंडमध्ये चेटुकासाठी दोषी ठरलेल्यांत ती शेवटची समजली जाते. १७३५ च्या कायद्याने असे खटलेच बंद झाले.

सिनेमातला न्यायाधीश संशयाकडून श्रद्धेकडे जातो आणि तलवार उचलतो. खरा न्यायाधीश शेवटपर्यंत संशयी राहतो आणि एक म्हातारी वाचते. पण सिनेमा यावर निघत नाही, कारण यात थरार नाही. एक माणूस खुर्चीत बसून 'मला पटत नाही' म्हणतो, याचं काय चित्रीकरण करणार?

आता जरा घरी येऊ. माझं लहानपण दक्षिण रत्नागिरीतलं. आमच्या गावालाही देवराई आहे. तिथली फांदी कुणी तोडत नाही. वर्षातून एकदा राखण देतात, कोंबडं कापतात, गाऱ्हाणं घालतात. बाहेरच्याने लांबून, संध्याकाळच्या उजेडात, मागे थोडं संगीत लावून ते पाहिलं तर त्याचा भीतिपट सहज होईल. आम्हाला त्याची कधी भीती वाटली नाही, कारण कोंबडं कापणारा अण्णा आम्हाला माहीत होता. त्याला दमा होता आणि त्याचं पोस्टात खातं होतं. परक्याचा विधी भयंकर दिसतो. आपला तो नुसता कुळाचार.

त्यामुळे आम्ही निर्दोष होतो असं मात्र समजू नका. भीतीचा धोका राईत नव्हता, वाडीत होता.

१९६८ चा मे महिना. मी कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून घरी आलो होतो. त्या उन्हाळ्यात वाडीत तापाची साथ आली, दोन मुलं दगावली. एकाची म्हैस आटली. कुणीतरी कुठेतरी विचारून आलं आणि कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या एका विधवा बाईचं नाव निघालं. तिची देवस्की आहे म्हणून. कुणी तिला मारलं नाही. विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका कळशा उचलून निघून जात, एवढंच. मुलांना तिच्या अंगणातून जायला बंदी झाली. लहानपणी मला तापात तिनेच पेज भरवली होती.

मला माहीत होतं की हे सगळं खोटं आहे. वर्गात नुकतंच शिकलो होतो की चमत्काराची साक्ष खरी असण्यापेक्षा साक्षीदार चुकला असण्याची शक्यता नेहमी जास्त असते. ह्यूमचा तो युक्तिवाद माझा तोंडपाठ होता. पण तिच्या दारात जाऊन, सगळ्यांदेखत, एक तांब्या पाणी मागून प्यायलो असतो तर? मी गेलो नाही. मनाशी म्हटलं, साथ ओसरली की आपोआप शमेल.

पावसाच्या आधी ती घर सोडून निघून गेली. कुठे, ते मला कधी कळलं नाही. तिच्या परसात शेवग्याचं झाड होतं. ती गेल्यावर त्याच्या शेंगा वाडीतल्या लोकांनी वाटून घेतल्या. आमच्याही घरी त्यांची आमटी झाली. मी ती जेवलो.

२०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर चेटुकाचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं हा आता गुन्हा आहे. चांगली गोष्ट आहे. पण विहिरीवर कळशी उचलून निघून जाणाऱ्या बाईला कोणतं कलम लावणार? आणि माझ्यासारख्या, सगळं कळूनही आमटी जेवणाऱ्याला?

नातीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं नाही, आज देतो आहे. ती तिथे मागच्या रांगेत बसली आहे. बाळा, सिनेमाच्या जगात त्या न्यायाधीशाकडे दुसरा मार्ग ठेवलेलाच नाही, कारण लिहिणाऱ्याने सैतान खरा करून ठेवला आहे. तेव्हा सिनेमा खुशाल बघ. तो चांगला आहे, आणि मीही दोनदा उशी तोंडावर घेतली हे तू सगळ्यांना सांगितलंच आहेस. पण लॅपटॉप मिटल्यावर जर कधी तुझ्या कॉलेजात, सोसायटीत, कुणा एकाबद्दल सगळे म्हणू लागले की त्याच्यातच काहीतरी आहे, तर 'हे वाढू द्या' म्हणणाऱ्या न्यायाधीशासारखी थांबू नकोस. आणि 'आपोआप शमेल' म्हणणाऱ्या तुझ्या आजोबासारखीही थांबू नकोस. त्याच्या घरी जा आणि पाणी माग.

प्रश्न असतील तर विचारा. तोवर मीही जरा पाणी पितो.