दोन मालगाड्या पेलणारी बाग

न्यूयॉर्कमध्ये टेन्थ अव्हेन्यूवर १७व्या स्ट्रीटच्या नाक्याशी मान वर केली, की लोखंडी पुलाच्या अंगात बसवलेली भलीमोठी काच दिसते. काचेमागे नाट्यगृहासारख्या उतरत्या पायऱ्या आणि त्यांवर निवांत टेकलेली माणसं. समोर नाटक कसलं, तर खालची वाहतूक! ज्या गोंगाटाला आपण रस्त्यावर वैतागतो, तोच नऊएक मीटर उंचीवरून बघत बसावासा वाटतो. ‘हाय लाइन’ या बागेची निम्मी गंमत या उंचीत आहे आणि ही उंची बागेसाठी कुणी बांधलेली नाही.

ती आली अपघातांमुळे. १८४७मध्ये शहराने मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला भर रस्त्यातून रूळ टाकायला परवानगी दिली. मालगाड्या, घोडागाड्या, पादचारी सगळे एकाच वाटेवर. टेन्थ अव्हेन्यूचं नाव ‘डेथ अव्हेन्यू’ पडलं. १९१०पर्यंत पाचशेहून जास्त माणसं गाडीखाली गेली होती. इंजिनापुढे लाल बावटा घेतलेले घोडेस्वार लोकांना हटवत चालायचे. ‘वेस्ट साइड काउबॉय’ म्हणत त्यांना. बावट्याने भागेना, तेव्हा १९२९मध्ये रूळ वर उचलायचं ठरलं आणि १९३४मध्ये उन्नत मार्ग पुरता सुरू झाला.

अभियंत्यांनी तो अव्हेन्यूच्या डोक्यावरून न नेता इमारतींच्या मधून, परसदारांतून नेला. काही ठिकाणी तर थेट इमारतीच्या पोटातून. दूध, मांस, पीठ रस्त्यावर न येता कारखान्याच्या मजल्यावरच उतरायचं. नॅशनल बिस्किट कंपनीच्या ज्या इमारतींना ही लाइन भिडायची, तिथेच आज चेल्सी मार्केट आहे. म्हणून या बागेत चालताना शहराचं दर्शनी तोंड कमी दिसतं. विटांच्या मागच्या भिंती, आपत्कालीन लोखंडी जिने आणि हाताच्या अंतरावरच्या खिडक्याच जास्त दिसतात. दुसऱ्या कुठल्या शहरी बागेत असं परक्याच्या माजघरात डोकावल्यासारखं वाटतं? (थोडं संकोचायलाही होतं, हे खरं.)

पुढे ट्रकांनी रेल्वेचा धंदा पळवला. साठच्या दशकात दक्षिणेकडचा तुकडा पाडला गेला आणि १९८०मध्ये गोठवलेल्या टर्कीचे तीन डबे पोचवून शेवटची गाडी गेली. पीटर ओब्लेट्झ या रेल्वेवेड्या गृहस्थाने १९८४मध्ये हा सांगाडा चक्क दहा डॉलरला विकत घेतला होता. तो व्यवहार पुढे रद्द झाला, पण त्याच्या कोर्टकज्ज्यांत वर्षं गेली आणि पाडकाम लांबलं. दरम्यान वर खडीत वाऱ्याने आलेलं बी रुजलं. कुणी न लावलेलं गवत, रानफुलं, झुडपं.

१९९९मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड यांनी ‘फ्रेंड्स ऑफ द हाय लाइन’ ही संस्था काढली. दोघांपैकी कुणीच वास्तुरचनाकार नव्हता. जोएल स्टर्नफेल्ड यांनी काढलेल्या त्या रानाच्या छायाचित्रांनी जे काम केलं, ते शंभर निवेदनांनी झालं नसतं. बंद पडलेला मार्ग रेल्वेचा हक्क राखून पायवाट म्हणून वापरता येतो, या १९८३च्या केंद्रीय कायदादुरुस्तीचा आधार मिळाला. २००९मध्ये पहिला टप्पा खुला झाला, मग २०११ आणि २०१४मध्ये पुढचे. एकूण लांबी जेमतेम सव्वादोन-अडीच किलोमीटर.

झाडांची निवड डच उद्यानकार पीट ऊडॉल्फ यांची. त्यांनी आपोआप उगवलेल्या रानाचा बाज धरला. खाली वाकून पाहा: काँक्रीटच्या लांबट फळ्या कडेला निमुळत्या होत जातात आणि त्यांच्या फटींतून गवत वर येतं, वाट कुठे संपली नि वाफा कुठे सुरू झाला, ते सांगता येत नाही. खुणा करून काढलेले रूळ बरेचसे मूळ जागी परत बसवलेत. मातीचा थर सरासरी दीडेक फूट, तरी त्यात बर्चची झाडं उभी आहेत. हा सांगाडा दोन भरलेल्या मालगाड्या पेलण्यासाठी घडवलेला, त्याला मातीचा भार तो किती! हिवाळ्यात वाळलेली बोंडं, तुरे छाटत नाहीत. पक्ष्यांना दाणा मिळतो. वसंताच्या तोंडावर स्वयंसेवक हातांनी छाटणी करतात. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यातल्या फुलांपेक्षा सुमॅकची पानं लाल होतात तो ऑक्टोबर गाठावा, आणि तोही सकाळी लवकर. दुपारी इथे दादरच्या पुलासारखी रेटारेटी असते.

गर्दीमागोमाग पैसा आला. २००५मध्ये शहराने या पट्ट्याचे बांधकाम-नियम बदलले, मार्गाखालच्या जमीनमालकांना हवेतला बांधकाम-हक्क जवळपासच्या भूखंडांना विकायची मुभा दिली आणि काचेचे महागडे मनोरे उगवले. शेजारीच सरकारी भाडेघरांच्या वसाहती आहेत. तिथल्या रहिवाशांना ही बाग आपली वाटली नाही, ते वर फारसे फिरकलेच नाहीत. बाग कशी दिसावी यापेक्षा तुम्हाला काय हवंय, हे त्यांना आधी विचारायला हवं होतं, असं हॅमंड यांनी २०१७मध्ये जाहीरपणे कबूल केलं. आज जुन्या पुलांच्या आणि रुळांच्या बागा करू पाहणाऱ्या इतर शहरांच्या गटांना हीच संस्था सल्ला देते. त्यात घरभाड्याचा आणि स्थानिकांच्या रोजगाराचा विचार आराखड्याच्या आधी करा, हेही सांगितलं जातं.