विजेत्याचा पुढचा प्रतिस्पर्धी कोण?

१५ फेब्रुवारी १९७८ रोजी लास व्हेगास येथे लिऑन स्पिंक्स या चोवीस वर्षांच्या तरुणाने पंधरा फेऱ्यांच्या लढतीत महंमद अलीचा गुणांवर पराभव केला आणि मुष्टियुद्धाचे जग स्तंभित झाले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधील सुवर्णपदक स्पिंक्सच्या गाठीशी होते. परंतु व्यावसायिक लढती त्याने तोवर अवघ्या सात दिल्या होत्या. सेंट लुईसच्या गरीब वस्तीत वाढलेला हा मुलगा एका रात्रीत हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला.

तथापि लागलीच प्रश्न उभा राहिला : आता पुढचा प्रतिस्पर्धी कोण? त्या काळी जगज्जेतेपद देणाऱ्या दोन प्रमुख संस्था होत्या. त्यांपैकी जागतिक मुष्टियुद्ध परिषदेच्या मते पहिला हक्क केन नॉर्टनचा होता. नोव्हेंबर १९७७ मध्ये जिमी यंगला हरवून त्याने तो मिळविला होता. न्याय नॉर्टनच्या बाजूस होता, पैसा अलीच्या. स्पिंक्सने अलीशी पुनर्लढत पत्करली. दारिद्र्यातून वर आलेल्या, आणि ज्याच्या कमाईची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, अशा माणसास त्याबद्दल दोष देववत नाही.

परिषदेने मार्चमध्ये त्याचे पद काढून नॉर्टनला बहाल केले. दुसऱ्या संस्थेने ते स्पिंक्सकडेच ठेवले. एका गटास दोन जगज्जेते झाले. ९ जून रोजी नॉर्टन लॅरी होम्सकडून हरला, तर १५ सप्टेंबर रोजी न्यू ऑर्लिन्स येथे स्पिंक्स अलीकडून. जगज्जेतेपदाची एकही लढत न जिंकलेला जगज्जेता, अशी नॉर्टनची नोंद इतिहासात राहिली.

या घोटाळ्याचे मूळ अर्थव्यवहारात आहे. पदाच्या लढतीस मान्यता देणारी संस्था मुष्टियोद्ध्याच्या मानधनातून शुल्क घेते. साहजिकच पदे वाढली की शुल्काच्या वाटाही वाढतात. मात्र नोटा अधिक छापल्या की रुपयाचे मोल घसरते, तसेच पदांचेही होते. आज अशा प्रमुख संस्था चार आहेत. मे २०२४ मध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवून चारही पदे एकत्र आणली. परंतु फ्युरीशी पुनर्लढत ठरलेली आणि एका संस्थेचा आव्हानवीर निराळा, म्हणून पुढच्याच महिन्यात त्यास एक पद सोडावे लागले.

या व्यवहारात संस्थेचे शुल्क वसूल होते आणि आयोजकाची तिकिटे खपतात. ठोसे खाणारा मात्र एकच असतो. निवृत्त झालेला अली ऑक्टोबर १९८० मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, होम्ससमोर पुन्हा उभा राहिला. दहाव्या फेरीनंतर त्याच्या प्रशिक्षकानेच लढत थांबविली. स्पिंक्सच्या हाती ते पद पुन्हा आले नाही. आव्हानवीरांचा क्रम ठरविण्याचे काम शुल्क घेणाऱ्यांच्या हातून काढून घेतल्याखेरीज पुढच्या नॉर्टनला आणि पुढच्या स्पिंक्सलाही न्याय मिळणे कठीण आहे.