कल्लणै: पाणी वाटणारा बांध

करिकाल चोळ राजाने बांधलेला, सुमारे दोन हजार वर्षांचा, आजही वापरात असलेला: कल्लणैची ओळख बहुतेक वेळा इथे सुरू होते आणि इथेच संपते. त्यामुळे या बांधाचं खरं काम झाकलं जातं. तंजावरच्या पश्चिमेला कावेरीच्या पात्रातली ही ३२९ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि जेमतेम साडेपाच मीटर उंच भिंत पाणी साठवत नाही, वाटते. वरच्या अंगाला मुक्कोम्बूपाशी कावेरीपासून फुटलेली कोळ्ळिडम इथे पुन्हा तिच्या जवळ येते. कोळ्ळिडमचं पात्र खोल, उतार जास्त. नदीला मोकळं सोडलं तर पाणी तिकडेच धावेल आणि तंजावरची भातशेती कोरडी पडेल. ती धाव अडवून पाणी कावेरी, वेण्णार आणि १९३४ पासून नव्या कालव्याकडे वळवायचं, पुरात मात्र जादा पाणी कोळ्ळिडमलाच देऊन टाकायचं. हे दर वर्षी नव्याने करावं लागतं, आणि माझ्या मते कल्लणै टिकला तो दगडांच्या मजबुतीपेक्षा या कधीच न संपणाऱ्या निगराणीमुळे.

हिमालयातल्या नद्यांना वसंतात वितळणाऱ्या बर्फाचा आधार असतो. कोडगूत तळकावेरीला उगम पावणाऱ्या कावेरीला तो नाही. ती जगते पावसावर, आणि उन्हाळ्यात तंजावरकडे तिच्या पात्रात वाळूच दिसते. बर्फाची ती जागा १९३४ साली मेट्टूर धरणाने घेतली: पूर्ण पातळी १२० फूट, साठा ९३.४७ टीएमसी. प्रथेप्रमाणे १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडतात, तीन-चार दिवसांत पाणी कल्लणैला पोचतं आणि वाटप सुरू होतं. एका ऋतूत साठलेलं दुसऱ्या ऋतूला पुरवायचं. आधी कमी मुदतीचं कुरुवै, मग सांबा आणि ताळडी, अशी भाताची पिकं याच पाण्यावर उभी राहतात.

आक्षेप असा घेतला जातो की आज दिसतो तो बांध बराचसा एकोणिसाव्या शतकातल्या आणि नंतरच्या बांधकामाचा आहे, मग करिकालाचं कौतुक कशाला? भर पडली हे खरंच आहे, पण तिच्यामुळे या बांधाचं मोल कमी होत नाही, वाढतं. तंजावरच्या भोसल्यांना हे पुरतं ठाऊक होतं. राज्याचं अन्न या बांधावर अवलंबून, आणि वरच्या अंगाचा तिरुचिरापल्लीचा मुलूख अर्काटच्या नवाबाकडे. अठराव्या शतकात दुरुस्तीच्या हक्कावरून दोघांत वाद पेटला आणि मद्रासच्या कंपनी सरकारला मध्ये पडावं लागलं. बांधाची डागडुजी हा तेव्हा राजकारणाचा विषय होता, कारण डागडुजी थांबली की बांधच थांबतो. पुढे कावेरीचं तोंड गाळाने भरत चाललं, तेव्हा आर्थर कॉटन यांनी १८३६ ते १८३८ मध्ये मुक्कोम्बूला कोळ्ळिडमवर नवा बंधारा घातला. तो इतका परिणामकारक ठरला की आता कावेरीतच पाणी जास्त येऊ लागलं आणि त्याचा माथा काही भागात खाली करावा लागला. निष्णात अभियंत्यालाही या नदीत एकदाच हिशेब मांडून मोकळं होता आलं नाही. वाळूत दगड बुडवत नेऊन पाया घालण्याची जुन्या बांधाची रीत मात्र त्यांनी उचलली आणि गोदावरीवर धवळेश्वरम् इथे ती उपयोगी पडली.

दुसरा आक्षेप १२ जूनच्या तारखेवर आहे: साठा असेल तेव्हा पाणी सोडावं, तारीख कशाला? २०२२ साली धरण भरलेलं असल्याने दरवाजे २४ मे रोजीच उघडले गेले. २०२४ साली साठा अपुरा असल्याने जुलैअखेरपर्यंत थांबावं लागलं. तारीख लवचीक हवीच. पण ठरलेल्या तारखेमुळे नांगरणी, रोपं, मजूर आणि कर्ज यांचा मेळ बसतो, आणि तो हजारो शेतकऱ्यांना एकट्याने बसवता येत नाही. कर्नाटकाने तामिळनाडूला वर्षाला सोडायचं पाणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात १७७.२५ टीएमसी ठरवलं. तरी ते कोणत्या महिन्यात हाती येतं यावरच कुरुवैचं भवितव्य ठरतं.

कोळ्ळिडममधून समुद्राला जाणारं पाणी वाया जातं, ही तक्रारही नेहमीची. पुराचं ते पाणी कावेरीत घातलं तर काठ फुटतील, आणि मुखाजवळ गोड्या पाण्याचा रेटा नसेल तर खारं पाणी आत सरकेल. ऑगस्ट २०१८ च्या पुरात मुक्कोम्बूच्या जुन्या बंधाऱ्याचे ४५ पैकी ९ दरवाजे वाहून गेले. त्यानंतर वाळूउपशावर बोटं रोखली गेली. नवा बंधारा बांधला गेला, पण पात्रातली वाळू हा पायाचाच भाग आहे हे मान्य केल्याशिवाय नव्या बांधकामालाही तोच धोका राहील.

सगळ्यात कमी बोललं जातं ते गाळाबद्दल. कल्लणैच्या खाली नद्या, कालवे आणि चाऱ्या यांचं जाळं समुद्रापर्यंत पसरलं आहे. त्यातला गाळ एप्रिल-मेमध्ये काढून व्हायला हवा. पाणी सुटलं तरी काम चालूच राहिलं, तर कालव्यांच्या शेवटच्या टोकाच्या गावांना, नागपट्टिनमच्या किनाऱ्याकडे, पाणी उशिरा पोचतं. पेरणी लांबते, आणि कुरुवैचं भात कापणीला येतं ते नेमकं ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर, ओलं, खरेदी केंद्रावर अडून पडणारं.