बंदिस्त खोली, हवा आणि श्वसनाचे विषाणू
कोविड, इन्फ्लुएन्झा, गोवर यांचे विषाणू श्वास, बोलणे व खोकणे यांतून सूक्ष्म कणांवाटे हवेत मिसळतात. बंद खोलीत हे कण साचत जातात. बाहेरची हवा आत आली की विरळ होतात.

समोरासमोरच्या खिडक्या उघडल्यास हवा आरपार वाहते. एकच खिडकी असल्यास एक्झॉस्ट पंख्याने आतली हवा बाहेर काढावी. छताचा पंखा आणि बहुतेक घरगुती स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतात.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये तासाला किमान ५ वेळा हवा बदलण्याइतके वायुवीजन सुचवले. वायुवीजन पुरेसे आहे का, याचा अंदाज श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून येतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे ४२० (पीपीएम) असतो. खोलीत तो ८०० च्या वर राहिल्यास वायुवीजन वाढवावे. खिडकी उघडणे अशक्य असेल तेथे हेपा गाळणीचे यंत्र विषाणूयुक्त कण टिपते. कार्बन डायऑक्साइड मात्र त्याने घटत नाही.